गोदामाची हवा

जुना पु-अर, म्हणजे चकत्यांत दाबून वर्षानुवर्षं साठवलेला चिनी चहा, समोर आला की बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो सालाचा. किती जुना? वीस वर्षं? तीस? हाँगकाँगला नोकरीनिमित्त राहायचो तेव्हा मीही हाच प्रश्न विचारायचो. शुंग वान भागात सुक्या मासळीची आणि औषधी मुळ्यांची दुकानं आहेत, त्यांच्या मधोमध चहाचं एक अरुंद दुकान होतं. मालक वयस्कर, इंग्रजी मोजकं. मी साल विचारलं की तो जागा सांगायचा. "आधी तळघर, मग सहावा मजला." दुसऱ्या चकतीवर बोट ठेवलं की, "ही कुनमिंगला होती, मागच्या वर्षी आली." माझा प्रश्न त्याला नीट कळलेला असायचा. त्याच्या लेखी उत्तरच ते होतं.

आता माझंही मत तेच झालंय. जुन्या पु-अरची चव ठरते ती तो कुठल्या हवेत पडून राहिला यावर. साल हे फार तर नावापुरतं.

खात्री करून घ्यायची असेल तर एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षाच्या दोन चकत्या शेजारी ठेवून प्या. एक कुनमिंगला राहिलेली, एक हाँगकाँगला. कुनमिंग ही युन्नान प्रांताची राजधानी, समुद्रसपाटीपासून जवळपास 1,900 मीटरवर. हवा थंड आणि कोरडी. तिथली चकती वीस वर्षांनीही तरतरीत असते. रंग तांबूस सोनेरी, वास सुकलेल्या फुलांचा, घोटाला कडवट धार. हाँगकाँगची चकती त्याच वयात काळपट झालेली, चहा गडद लाल, घशाखाली उतरताना गुळगुळीत, आणि मागे कापूर, ओलं लाकूड, खारीक असं काहीतरी रेंगाळणारं. मलेशियात राहिलेली तिसरी मिळाली तर आणखी मजा, कारण तिथे बारा महिने उकाडा आणि दमट हवा, चहा भराभर पिकतो. या धंद्यातले लोक चहाचं गाव सांगावं तसं त्याचं गोदाम सांगतात, ते उगीच नाही.

आता हा चहा पडून राहून पिकतो आणि आपल्या डब्यातला चहा पडून राहून नुसता शिळा होतो, हे कसं?

पु-अर हा नैर्ऋत्य चीनमधल्या युन्नान प्रांताचा. चीनच्या 2008 च्या राष्ट्रीय मानकात हे नाव बांधूनच टाकलंय: युन्नानमधल्याच मोठ्या पानांच्या झाडांचा, उन्हात वाळवलेला चहा असेल तरच तो पु-अर. ही मोठ्या पानांची जात म्हणजे वनस्पतिशास्त्रात जिच्या नावातच आसाम आहे ती, 'असामिका'. आपल्या टपरीवरच्या कटिंगमध्ये जी भुकटी उकळते तिचीच सख्खी बहीण. पानं खुडायची, थोडी मलूल होऊ द्यायची, मग मोठ्या तापलेल्या कढईत हातानं परतायची. हिरव्या चहातही पानं परततात किंवा वाफवतात, पण तिथे पानातली सगळी रासायनिक हालचाल थांबवणं हाच हेतू असतो. शेवटी वाळवतातही गरम हवेवर किंवा कढईत, म्हणजे उरलंसुरलंही संपतं. पु-अरला परतणं जरा हलकं. मग पानं चोळून, मुरडून उन्हात पसरतात. उन्हाची धग कढईएवढी नसते. त्यामुळे पानात थोडी जान राहते आणि हवेतले सूक्ष्मजीवही पानावर घर करून राहतात. हिरवा चहा वर्ष-दीड वर्षात फिका पडतो. हा तिथून पुढे सुरू होतो.

हा झाला कच्चा चहा, ज्याला तिकडे शेंग म्हणतात. तो वाफेवर मऊ करून कापडी पिशवीत बांधतात, दगडी वजनाखाली दाबतात आणि त्याची चकती करतात. चकती साधारण वीतभर व्यासाची, वजन 357 ग्रॅम. हा विचित्र आकडा का, असा प्रश्न पडतो. सात चकत्यांची एक चवड बांबूच्या वाळक्या आवरणात बांधतात आणि ती अडीच किलोची भरते. अशा बारा चवडी म्हणजे तीस किलोचं एक खोकं. खेचराच्या पाठीवर दोन बाजूंना दोन. हिशेब चकतीपासून वर जात नाही, खेचरापासून खाली येतो, असं सांगतात.

ताजा शेंग मी फारसा पीत नाही. पुष्कळ लोकांना आवडतो, पण रिकाम्या पोटी दोन कप प्यायलात तर पोटात पीळ पडतो. कडू, तुरट, आणि अंगावर येणारा. हाच कडूपणा पुढे जाऊन जुन्या चहाची गोडी होतो. पानातली कॅटेचिनं, म्हणजे कडू-तुरट द्रव्यं, हळूहळू हवेशी आणि सूक्ष्मजीवांशी झुंजत मोठ्या, तपकिरी रेणूंमध्ये बदलतात. त्यांना थिअब्राउनिन म्हणतात. कपातला गडद रंग आणि तो गुळगुळीतपणा बराचसा त्यांचा. सुरुवातीलाच जो चहा मऊ आणि गोड लागतो त्याच्याकडे पंचवीस वर्षांनी द्यायला फारसं काही उरत नाही, असं जाणकार सांगतात, आणि माझा अनुभव त्याला धरून आहे.

या सगळ्यात हाँगकाँग कुठून आलं? तिथे चहाची बाग नाही. पण तिथे सकाळी सकाळी 'यम चा'ला जायची रीत आहे. नावापुरता चहा प्यायला जायचं, प्रत्यक्षात डिम समच्या, म्हणजे वाफवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांच्या, टोपल्यांचा फडशा पाडायचा. (शाकाहारी मराठी माणसाची तिथे परीक्षा असते. कोबीची म्हणून आलेली टोपली उघडली की आत कोळंबी हमखास.) टेबलावर बसल्या बसल्या वेटर विचारतो, कुठला चहा? मोगऱ्याच्या वासाचा, पांढरा, लोखंडी देवीच्या नावाचा ऊलाँग, नाहीतर बो-ले. बो-ले म्हणजे कँटनी उच्चारातला पु-अर. म्हातारी मंडळी डोळे झाकून तोच सांगतात, किंवा त्यात शेवंतीची सुकी फुलं घालून मागतात. पहिल्या किटलीच्या पाण्यानं वाट्या, चमचे, चॉपस्टिक टेबलावरच विसळून घ्यायच्या. कुणी कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टकटक वाजवायची, म्हणजे आभार. सम्राट छ्येनलोंग वेष पालटून फिरत असताना त्यानं नोकराच्या कपात चहा ओतला, नोकराला उघड लोटांगण घालता येईना म्हणून त्यानं बोटांनीच लोटांगण घातलं, अशी त्यामागची दंतकथा. पाणी संपलं की किटलीचं झाकण तिरकं ठेवायचं. न बोलता वेटर येऊन भरून जातो.

आता नीट बघा. किटलीत पानं तशीच पडून असतात, गप्पा दोन तास चालतात. हिरवा चहा असा ठेवला तर दहा मिनिटांत कडू होईल. कच्चा शेंग तर तोंडात धरवणार नाही. चहाघरांना हवा होता स्वस्त, गडद आणि कितीही वेळ मुरला तरी न बिघडणारा चहा. चरबीदार खाण्यावर उतारा म्हणूनही तोच चालायचा. म्हणून व्यापाऱ्यांनी युन्नानचा कच्चा माल विकत घेऊन गोदामात टाकायला सुरुवात केली. हाँगकाँगची हवा वर्षभर सरासरी 78 टक्क्यांच्या आसपास दमट. तळमजल्याच्या नाहीतर डोंगराला लागून असलेल्या तळघरात ती आणखी जड. तिथे काही वर्षं खोकी रचायची, मधूनमधून खालची वर, भिंतीकडची आत अशी हलवायची, चहाचा उग्रपणा मोडला की ती उचलून वरच्या कोरड्या गोदामात न्यायची आणि गोदामाचा ओला वास उडून जाईस्तोवर परत काही वर्षं ठेवायची. या दुसऱ्या टप्प्याला घाई करून चालत नाही. घाईनं बाजारात आलेल्या चहाला तळघराचा कुबटपणा असतो, आणि त्याच पानांवर दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा पाणी ओतलं तरी तो जात नाही.

म्हणजे "आधी तळघर, मग सहावा मजला" हा अख्खा कारखानाच होता.

मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हे की यात कुणीही संग्राहक नव्हता. चाळीस वर्षांनी सोन्याचा भाव येईल म्हणून कुणी चहा जपून ठेवला नव्हता. चहाघराच्या मालाचं ते खातं होतं. जो विकला गेला तो पिऊन संपला, जो कोपऱ्यात राहिला तो जुना झाला. 1990 च्या दशकात, 1997 च्या सत्तांतराच्या आसपास, हाँगकाँगमधल्या काही जुन्या चहाघरांनी गाशा गुंडाळला. कोपऱ्यातली खोकी बाहेर आली. तैवानचे शौकीन ती उचलून घेऊन गेले, त्यांनी ती छोट्या कपांतून, घोट घोट, वास घेत प्यायली, त्यावर लिहिलं, आणि तिथून जुन्या पु-अरचा आजचा दरबारी थाट सुरू झाला. जो चहा डिम समबरोबर जवळपास फुकट यायचा त्याच्या एकेका चकतीला आता लिलावात मोटारीची किंमत मिळते. दुर्लक्षाचा एवढा मोठा मोबदला दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळाला असेल, मला आठवत नाही.

त्याच्या आधीची कहाणी तर आणखीच बिनधास्त. युन्नानमधून तिबेटकडे जाणारा चहा-घोड्यांचा मार्ग प्रसिद्ध आहे. तिबेटला चहा हवा होता, चीनला घोडे. दाबलेल्या चहाची खोकी लादून खेचरांचे तांडे महिनोन् महिने डोंगर चढायचे-उतरायचे. पाऊस, घाम, थंडी, ऊन सगळं चहाच्या अंगावर. ल्हासाला पोचेस्तोवर चहा खुडला तेव्हाचा राहिलेला नसायचा. तिथे तो खळखळून उकळून, लोणी आणि मीठ घालून घुसळत. नाकाशी कप नेऊन कापराचा वास शोधायला तिथे कुणाला वेळ होता?

याच चहाचा एक रस्ता आपल्या अंगणातून गेलाय, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या गावी नसतं. युन्नानच्या दक्षिण टोकाला मेंगहाय आहे, त्या वेळचं फोहाय. तिथून ल्हासाचा डोंगरी रस्ता इतका बिकट की 1930 च्या दशकात व्यापाऱ्यांनी उलटा, पण स्वस्त मार्ग धरला. खेचरांवरून ब्रह्मदेशातल्या केंगटुंगला, पुढे मोटारीनं आणि रेल्वेनं रंगूनला, तिथून बोटीनं कलकत्त्याला, परत रेल्वेनं सिलिगुडीला, आणि कालिंपाँगहून पुन्हा खेचरांवर तिबेटला. म्हणजे आसाम आणि दार्जिलिंगच्या मळ्यांच्या नाकासमोरून चिनी चहा तिबेटला जात होता. इंग्रजांनी तिबेटी लोकांना हिंदुस्थानी चहाच्या विटा विकायची खटपट केली, ती फारशी जमली नाही. बंगालच्या उपसागरावरून आलेल्या त्या चहानं किती ओल प्यायली असेल याचा नुसता विचार करा.

1970 च्या दशकात युन्नानच्या कारखान्यांनी या सगळ्या वेळखाऊ प्रकरणाला आडवाट शोधली. हाँगकाँगला मागणी होती पिकलेल्या चहाची, आणि पिकवण्याचा नफा जात होता व्यापाऱ्यांकडे. हाँगकाँगला लागून असलेल्या ग्वांगडोंग प्रांतात चहा ओला करून पिकवण्याचे प्रयोग आधीपासून चालू होते. 1973 मध्ये कुनमिंगच्या कारखान्यातली माणसं तिथे जाऊन शिकून आली आणि परत येऊन त्यांनी आपली पद्धत बसवली. तिचं नाव वो-दुई. जमिनीवर कच्च्या चहाचा मीटरभर उंचीचा ढीग घालायचा, त्यावर पाणी शिंपडायचं, वर ओलं कापड झाकायचं. काही दिवसांत ढीग आतून तापतो. 50-60 अंश सेल्सिअसपर्यंत जातो. काळी बुरशी, यीस्ट, जीवाणू यांची आत नुसती जत्रा. फार तापला तर पानं करपून जातात, म्हणून ढीग फावड्यानं उलथापालथा करत राहायचा. दीड-दोन महिन्यांत हिरवट पानं चॉकलेटी-काळी होतात. हा झाला शौ, म्हणजे पिकवलेला पु-अर.

शुद्धतावादी मंडळी शौचं नाव काढलं की नाक मुरडतात. मला हा उच्च-नीच भाव पटत नाही. शौ म्हणजे तळघराची वीस वर्षं दोन महिन्यांत उरकायचा प्रयत्न. तो तंतोतंत जमलेला नाही हे खरं, कापराचा तो वास आणि घशातली ती परतून येणारी गोडी ढिगात तयार होत नाही. पण जे झालं ते आपल्या जागी उत्तम आहे. जाड, गोडसर, पोटाला हलका. नव्या शौला ढिगाचा एक ओशट, मासळीकडे झुकणारा वास असतो, तो चार-पाच वर्षं मोकळ्या हवेत ठेवला की जातो. पु-अर कधीच न प्यायलेल्या माणसाला मी पहिल्यांदा शौच देतो. आईला दिला होता. तिनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "सर्दी झालीय का तुला? हा काढा कशाला करून ठेवलायस?"

चकतीच्या वेष्टनावर 7542, 7572 असे आकडे दिसतात. पहिले दोन अंक म्हणजे ती मिश्रणाची पद्धत ठरली ते साल, तिसरा पानाची प्रत, शेवटचा कारखाना. 1 कुनमिंग, 2 मेंगहाय, 3 श्यागुआन. 7542 म्हणजे 1975 ची पद्धत, चौथ्या प्रतीची पानं, मेंगहायचा कारखाना. कालपरवा दाबलेली चकतीही 7542च असते. पण 75 म्हणजे चहाच 1975 चा असं भासवून गळ्यात मारणारे महाभाग कमी नाहीत.

पैशांची बाजू थोडक्यात उरकतो, कारण तिच्यात चहा कमी आणि सट्टा जास्त. 2000 नंतर चीनमध्येच या चहाची हवा झाली. लोक चकत्या शेअरसारख्या घेऊन ठेवू लागले. 2007 मध्ये स्सूमाओ शहरानं आपलं नाव बदलून पु-अर करून घेतलं, आणि त्याच वर्षी फुगा फुटला. भाव धाडकन कोसळले, शेतकरी आणि छोटे व्यापारी बुडाले. पुढे बाजार पुन्हा तेजीत आला, आणि वेड लागलं ते ठरावीक गावांचं आणि शेकडो वर्षांच्या झाडांचं. लाओ बानझांग या एका खेड्याच्या नावानं जेवढा चहा विकला जातो तेवढा त्या डोंगरावर उगवणं शक्य नाही. चहाच्या पानावर गाव लिहिलेलं नसतं. साल आणि गाव दोन्ही कागदावर छापता येतात. तळघर तेवढं जिभेला कळतं.

आता मुख्य काम. चहा करणं.

मी गायवान वापरतो. झाकण, वाटी आणि बशी असं तीन तुकड्यांचं पांढऱ्या चिनी मातीचं भांडं, शंभरेक मिली पाणी मावेल एवढं. यीशिंगची जांभळट मातीची किटली जुन्या चहाला शोभते खरी, आणि तिच्या जाड अंगात उष्णताही टिकते. पण ती माती प्रत्येक चहाचा वास शोषून ठेवते. ज्याला आज हा, उद्या तो असा चहा प्यायचाय त्यानं गायवानच घ्यावं. पांढऱ्या पोटात रंगही खरा दिसतो.

चकती फोडायला एक बोथट दाभण मिळतं. ते कडेनं, आडवं घालायचं, चकतीच्या थरांना समांतर. थोडं आत गेलं की हलकेच वर उचलायचं. थर सुटतो. वरून भोसकलं तर पानांची भुकटी होते आणि बऱ्याचदा तळहाताला भोक पडतं. जुन्या, सैल झालेल्या चकतीचा थर हातानंही निघतो. लोखंडी साच्यात दाबलेली असेल तर मात्र कुस्तीच. मला सहा-सात ग्रॅम लागतात. त्यात पूर्ण पानं आणि चुरा दोन्ही असू द्यावेत. नुसत्या चुऱ्याचा चहा पहिल्या तीन पाण्यांतच संपतो.

पाणी उकळतं हवं. हिरव्या चहाला पाणी गार होऊ द्यावं लागतं, जुन्या पु-अरला असले लाड नाहीत. आधी भांडं गरम करून घ्यायचं, त्यात कोरडी पानं टाकून झाकण लावायचं, अर्धा मिनिट थांबून झाकण उचलायचं आणि वास घ्यायचा. चहाचं गोदाम इथेच बोलायला लागतं. कापूर आणि लाकूड आलं तर निश्चिंत. ओल्या भिंतीचा वास आला तर पहिलं पाणी एकदा नाही, दोनदा फेकायचं. पहिलं पाणी एरवीही मी फेकतोच: उकळतं ओतायचं, पाच सेकंदांत काढायचं. दाबलेली पानं जागी होतात आणि वर्षानुवर्षांची धूळ जाते.

त्यानंतरच्या पाण्याला दहा सेकंद पुष्कळ. चहा एका छोट्या पारदर्शक चंबूत गाळून मगच कपांत वाटायचा, म्हणजे पहिल्याला फिका आणि शेवटच्याला कडक असं होत नाही. गाळणी मी वापरत नाही, गायवानचं झाकण तिरकं धरलं की काम होतं. बोटं भाजतात, पण सवय होते. रंग बघा: प्रकाशासमोर धरला तर लालसर तपकिरी, काठाशी सोनेरी कड, आणि आरपार दिसणारा. गढूळ असेल तर गोदामात काहीतरी बिघडलं होतं, किंवा ढीग नीट जमला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला चहा खऱ्या अर्थानं उमलतो. घोट गिळल्यावर घशात आधी किंचित कडवटपणा राहतो आणि मग जिभेच्या मुळाशी गोडी परत येते, आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर येते तशी. ही गोडी जुन्या चहाची सगळ्यात चांगली परीक्षा आहे, कारण साखर घालून किंवा गोदाम दमट करून ती आणता येत नाही.

पाचव्या पाण्यापासून वेळ वाढवत न्यायची. वीस सेकंद, अर्धा मिनिट, एक मिनिट. चांगला चहा बारा-पंधरा पाणी देतो, मधेच वास बदलतो. कापूर मागे पडतो आणि साध्या गोड भाताच्या पेजेसारखं काहीतरी उरतं. शेवटी पानं फिकी पडली की तो चोथा टाकू नका. भांड्यात घालून पाण्याबरोबर दहा मिनिटं चांगला उकळा. उकळण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसं कुणाला हार जाणार नाही, आणि जुना पु-अर ते सोसतो. दूध मात्र घालू नका.

चरबी झडते, कोलेस्टेरॉल उतरतं वगैरे जाहिरातींवर मी बोलणार नाही. जेवणानंतर हलकं वाटतं एवढं मी माझ्या पोटाच्या भरवशावर सांगू शकतो. त्यात कॅफिन असतं आणि रात्री नऊनंतर प्यायल्यास झोप उडते, हेही.

आता मी ठाण्याला राहतो आणि माझं गोदाम म्हणजे बेडरूममधल्या कपाटाचा एक कप्पा. जुलै-ऑगस्टमध्ये इथली आर्द्रता 85 च्या वर जाते आणि आठवडेच्या आठवडे उतरत नाही. हाँगकाँगचं तळघर बरं, अशी अवस्था. साधारण 60 ते 75 टक्क्यांत चहा खूश असतो, त्यापलीकडे बुरशी. पांढरट भुरा वर आला असेल तर तो ब्रशनं झटकून, हवेशीर ठेवून पुढे बघता येतं, असं तिकडचे लोक म्हणतात. हिरवी, काळी, पिवळी, केसाळ बुरशी दिसली तर मन घट्ट करून चकती फेकून द्यायची. मी पावसाळ्यात चकत्या खोक्यात घालून झाकण पक्कं लावतो, आत आर्द्रता मोजणारं एक छोटं यंत्र ठेवतो, आणि दिवाळीनंतर हवा सुकली की त्यांना मोकळं करतो. सुट्या पानांसाठी कुंभाराकडून बिनझिलईचं मडकं आणलं, ते महिनाभर रिकामंच हवेला ठेवलं आणि मग भरलं. स्वयंपाकघरात चहा ठेवायचा नाही, फोडणी लागते. देवघराशेजारी नाही, उदबत्ती लागते. डांबराच्या गोळ्या असलेल्या कपाटात तर चुकूनही नाही. शिवाय कसर. तिला चहात रस नसतो, पण चकतीचा कागद तिला फार प्रिय.

तर अशा रीतीनं माझ्या चकत्या आता ठाण्याची हवा खातायत. त्यांचं काय होईल ते पंधरा वर्षांनी कळेल. खाडीकाठची ओल आणि मार्च-एप्रिलचा रखरखाट यांचं मिश्रण कुनमिंगलाही नाही आणि हाँगकाँगलाही नाही.

दरम्यान नवं वेड लागलंय ते फालापचं, म्हणजे सिंगफो लोकांच्या चहाचं. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात मार्घेरिटा-लेडोकडे आणि पलीकडे अरुणाचलात सिंगफो लोक राहतात. सीमेपलीकडे म्यानमारमध्ये ते काचिन आणि युन्नानमध्ये जिंगपो म्हणून ओळखले जातात. 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला आसामातला चहा ज्यांच्याकडे दिसला ते हेच. त्यांची पद्धत अशी: पानं भाजायची, उन्हात वाळवायची, बांबूच्या नळीत ठासून भरायची आणि ती नळी चुलीच्या वर धुरात टांगून ठेवायची. महिन्यांनी, वर्षांनी नळी फोडली की आत चहाचा कडक दंडगोल निघतो, तो कोयत्यानं कापून वापरतात. झाड तेच, पान तेच, दाबणं आणि ठेवणंही तेच. फक्त तळघराच्या जागी चूल. मी मागवलेल्या नळीचा पहिला तुकडा गायवानमध्ये टाकला तेव्हा झाकणाखालून आधी धूर आला, मग बऱ्याच उशिरा, सहाव्या-सातव्या पाण्याला, तीच घशातली गोडी. सिंगफोंच्या चुलीत कुठलं लाकूड जळतं ते आता विचारून घ्यायचंय.